खुणेच्या आधीचं बटण

सभागृहाच्या मागच्या भिंतीत एक काचेची खोली आहे. तिला सगळे पेटी म्हणतात. पेटीत एक टेबल, टेबलावर बटणांची फळी, कधीकाळी फिरणारी एक खुर्ची, आणि वहिनी.

वहिनी हे नाव तिला तिथं शिपायामुळं पडलं. तो तिच्या नवऱ्याचा मित्र. ती पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, इकडं बसा," आणि नाव चिकटलं. आता अध्यक्षही वहिनीच म्हणतात. विरोधी बाकांवरचेही म्हणतात. त्या सभागृहात सगळ्या बाजूंनी एकाच नावानं हाक मारावी असं दुसरं कोणी नाही.

काम सोपं आहे. प्रत्येक सदस्यासमोर माईक, प्रत्येक माईकचं बटण वहिनीच्या फळीवर. सदस्य उठला की बटण दाबायचं, माईकवर लाल दिवा लागतो. तो बसला की बंद करायचं. आणि तो घसरला, म्हणजे कोणाच्या आईबापावर, अंगावर, चालीवर गेला, तर अध्यक्ष घंटेवर दोन बोटं ठेवतात. घंटा वाजवत नाहीत, नुसती बोटं. ती खूण वहिनीसाठी. माईक बंद. माणूस हातवारे करत राहतो, आणि आपलं कोणाला ऐकू जात नाहीये हे पुष्कळदा त्याला खाली बसेपर्यंत कळत नाही. ही रीत एका जुन्या अध्यक्षांनी घालून दिली होती. ते म्हणायचे, कोणाला गप्प बस म्हणणं हासुद्धा अपमानच, त्यापेक्षा हे बरं.

आत्ताचे अध्यक्ष मात्र टेबलाखाली मोबाईल बघत असतात. त्यांची बोटं घंटेपर्यंत जाईतो शब्द निघून गेलेला असतो. मग वहिनी खुणेची वाट बघेनाशी झाली. तिच्या कानावर हेडफोन असतात. कोणाचा माईक खरखरतोय हे कळावं म्हणून बंद माईकसुद्धा तिला ऐकू येतात, फक्त तिला. त्यामुळं कोण शिवी द्यायच्या आधी कसा श्वास घेतो हे तिला पाठ झालं होतं. एकजण खाकरतो. एकजण आधी "माननीय" म्हणतो. त्याचं "माननीय" ऐकलं की बटणाकडं बोट न्यावंच. आणि ज्याला सगळे तोफ म्हणतात तो म्हातारा चष्मा कपाळावर चढवतो आणि नाकातून लांब श्वास ओढतो, आधणाला उकळी फुटायच्या आधी होतो तसा आवाज. वहिनी तेवढ्यात बटण दाबते. सभागृहाला वाटतं, अध्यक्षांनी खूण केली. अध्यक्षांना वाटतं, आपण केली असेल.

ऐकलेल्या शब्दांचं तिला काही होत नसे. सुरुवातीला होत असे. घरी गेल्यावर जेवण जात नसे. पुढं रबरी हातमोजे घालून भांडी घासावीत तसं झालं. पाणी गरम आहे एवढं कळतं, भाजत नाही. एकदा भर सभेत कोणीतरी तिच्याच नवऱ्याचा उद्धार केला. तिनं माईक बंद केला आणि पेटीतल्या बाटलीतलं पाणी प्यायली. बस्स.

नवऱ्याचं नाव सभागृहात निघायचं कारण त्याची बहीण. वहिनीची नणंद तिथं सदस्य आहे.

ती दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची. हात हलका, पोरं रडायची ती तिच्याकडं बघून गप्प बसायची. वहिनीच्या वरच्याच मजल्यावर एकटी राहते. पक्षाचं काम इतकी वर्षं केलं ते वहिनीच्या नवऱ्यानं. पण यंदा त्यांच्या प्रभागाची जागा बायकांसाठी गेली. मग त्यानं बहिणीला उभं केलं. "तू फक्त हात वर करायचा," तो म्हणाला, "बाकी मी बघतो." ती निवडून आली.

नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं तो रबरी शिक्केही बनवून देतो. बहिणीचा सदस्याचा शिक्का त्यानं स्वतः केला, मूठ पॉलिश केली, आणि दुकानातच ठेवला. लोक कागद घेऊन यायचे, तो शिक्का मारून द्यायचा. बहिणीला संध्याकाळी कळायचं आपण कशाकशाला मान्यता दिली ते. एके दिवशी ती दुकानात गेली, गिऱ्हाईकांसमोर म्हणाली, "दादा, माझा शिक्का दे." त्यानं दिला नाही. तिनं काउंटरच्या आत हात घालून घेतला, शाईची डबीसुद्धा. त्यानंतरच्या सभेत तिनं पक्षाच्या विरुद्ध हात वर केला. दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवायचा या बाजूनं. त्या दिवसापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद.

म्हणजे बोलणं होतच होतं, पण वहिनीतून. नणंद संध्याकाळी चहाला खाली यायची आणि स्वयंपाकघरात बसायची. नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. मधे वहिनी.

"तिला म्हणावं, शेंडी लागली का आभाळाला? कोणाच्या जिवावर निवडून आलीस ते विसरू नकोस!" बाहेरून.

वहिनी आत येऊन म्हणायची, "वन्सं, ते म्हणताहेत, जरा विचारून केलं असतंत तर बरं झालं असतं."

"वहिनी, मला कान आहेत ग." नणंद मटार सोलता सोलता म्हणायची. "त्याला सांग, माझ्या नादी लागू नकोस, नाहीतर तुझी सगळी भानगड सभागृहात वाचून दाखवीन."

वहिनी बाहेर जायची. "अहो, त्या म्हणताहेत, एकदा सगळे मिळून बसू या."

"ती असं म्हणाली?"

"साधारण."

आत नणंद हसायची. "तू लाँड्री काढ. शब्द धुऊन, इस्त्री करून देतेस. डाग म्हणून राहत नाही." पण तीही रोज येत राहिली, आणि तोही रोज काहीतरी म्हणायला तिचीच वाट बघे. वहिनीला यात काही मोठं करतोय असं वाटत नव्हतं. दिवसभर जे काम, तेच संध्याकाळी.

एक गोष्ट मात्र तिनं कधी आत नेली नव्हती. नणंदेनं शिक्का नेला त्या संध्याकाळी वहिनी नवऱ्याचा डबा आणायला दुकानात गेली होती. काउंटरवर दोनतीन गिऱ्हाईकं, एका कोपऱ्यात तोफ कसलेतरी कागद झेरॉक्स करून घेत उभा. नवरा मोठ्यानं म्हणत होता, "नेला तर नेऊ दे. तिला कशाला हवा शिक्का? तीच माझा शिक्का आहे. मी दाबीन तिथं उमटेल." लोक हसले. तोफही हसला. वहिनीनं डबा घेतला आणि घरी आली.

मग तो शब्द सभागृहात आला. पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता. तोफ उठला, चष्मा नाकावरच होता, श्वासही साधाच. अगदी घरगुती आवाजात म्हणाला, "बाईंना कशाला विचारता? बाई म्हणजे शिक्का. ज्याच्या हातात मूठ, त्याला विचारा."

वहिनीचं बोट हललं नाही. श्वासच नव्हता, तर बोट कशाला हलेल? आणि शिक्का ही काही शिवी नव्हे. टेबलावर असते ती वस्तू. अध्यक्षांनाही खूण करावीशी वाटली नाही. बाकं वाजली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीवर कोळशानं मोठा गोल शिक्का काढलेला होता, आत नणंदेचं तोंड. रांगेतल्या बायकाही आपसात शिक्काताई म्हणायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, नाव तोंडात बसलं एवढंच. नणंद चहाला आली तेव्हा म्हणाली, "शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर देता येतं." मग म्हणाली, "त्या तोफेनं परत एकदा म्हटलं ना वहिनी, मी सोडून देणार. मला इंजेक्शनं येतात, मी ती देईन."

नवरा बाहेरून म्हणाला, "काय म्हणतेय?"

"दमल्यात, म्हणताहेत," वहिनी म्हणाली.

पुढच्या सभेला तोफ सुरुवातीलाच उभा राहिला. वहिनीनं माईक चालू केला. "अध्यक्ष महोदय, बाईंच्या बाबतीत..." एवढं बोलून तो थांबला. चष्मा कपाळावर चढवला. नाकातून लांब श्वास ओढला.

वहिनीनं बटण दाबलं.

लाल दिवा गेला. तो गेलेला बघताच सगळ्यांनी ओळखलं, आज काहीतरी जोरदार आहे. बाकं वाजायला लागली, कोणीतरी "शिक्का, शिक्का" म्हणालं. आणि वहिनीच्या कानात, तिच्या एकटीच्या कानात, तोफेचा आवाज येत होता. खाली मान घालून, पुटपुटल्यासारखा.

"...मागच्या वेळी मी एक शब्द वापरला. तो माझा नाही. त्यांच्या भावाच्या दुकानात ऐकला, काउंटरवर, आणि गमतीचा वाटला म्हणून इथं आणला. माझ्या घरात सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाई स्वतःच्या मतानं हात वर करतात हे मी समोर बसून बघतो. माझं चुकलं. शब्द मागं घेतो."

बटणावर बोट तसंच होतं. पुन्हा दाबलं असतं तर दिवा लागला असता. निदान शेवटचं वाक्य गेलं असतं. ती नुसती ऐकत राहिली. तिला असं काही ऐकायची सवय नव्हती, आणि ते काय आहे हे कळेपर्यंत तो खाली बसला होता. नणंद उठून, पिशवी खांद्याला लावून, दाराबाहेर गेली होती.

मधल्या सुट्टीत तोफ बाहेर पिण्याच्या पाण्यापाशी उभा होता, वहिनी त्याच्याजवळ गेली.

"काका, मघाचं तुम्ही परत एकदा बोलाल का? सुट्टीनंतर?"

"कशाला?"

"माईक बंद होता. कोणी ऐकलं नाही."

"अस्सं!" त्यानं ग्लास पालथा ठेवला. "तरीच. मी म्हटलं, मी मान खाली घालतोय आणि ही गाढवं दात काढताहेत. बाई गेल्या तेव्हा वाटलं, त्यांनाही पटलं नाही."

"म्हणून म्हणते, एकदा परत..."

"वहिनी, माफी म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, दिवसातून तीनदा घ्यायला? एकदा मागायला मला आठवडा लागला. तुमच्या यंत्रानं गिळली तर यंत्राकडून काढून घ्या." जाता जाता वळून म्हणाला, "बंद कसा पडला पण?"

"बघते," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी नणंद चहाला आली नाही. वहिनी वर गेली. नणंद खाटेवर कपड्यांना इस्त्री करत होती, दवाखान्यातला पांढरा कोट. टेबलावर एक पाकीट आणि शेजारी तो शिक्का, पॉलिश केलेल्या मुठीचा.

"राजीनामा. परवाच्या सभेत देते," नणंद म्हणाली. "तूच माईक चालू कर माझा. एवढं तरी सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"वन्सं, तो आज वाईट बोलला नाही. माफी मागत होता."

"कोण?"

"तोफ. मी ऐकलं. माईक बंद होता, पण मला येतं ऐकू."

"माईक बंद का होता मग?"

"मी केला. श्वासावरून वाटलं मला, आता घाण बोलणार."

नणंदेनं इस्त्री उभी केली. "काय म्हणाला?"

"म्हणाला, बाईंना मी जे बोललो ते बरोबर नव्हतं. बाई स्वतःच्या मतानं चालतात. मी शब्द मागं घेतो."

नणंद हसली. रोज हसायची तसंच. "किती छान धुतलास ग. कडक इस्त्री."

"नाही वन्सं. खरंच."

"वहिनी, दादा मला नालायक म्हणतो तेव्हा तू मला सांगतेस तो काळजीत आहे. मी त्याला चुलीत जा म्हणते तेव्हा तू त्याला सांगतेस जेवून घ्या. मला काय ठाऊक नाही? तुला मी राहायला हवी आहे, म्हणून तोफेच्या तोंडी चांगले शब्द घालतेस. तुझ्यावर राग नाही माझा. पण तोफ आणि असं बोलेल? त्याच्या एका वाक्यात तीन काटे असतात." तिनं कोट पलटला. "जा, चहा निवेल तुझा."

वहिनी दारापर्यंत गेली. खालून टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी कोणालातरी विकला गेलेला म्हणत होतं. तिला आपल्या हाताचं आश्चर्य वाटलं. तो दाराच्या कडीवर होता आणि कडी काढत नव्हता. काही गाळायचं म्हटलं की तिला विचार करावा लागत नसे. न गाळता सांगायचं तर वाक्य सुरुवातीपासून आठवावं लागत होतं.

ती वळली, आणि हेडफोनमध्ये ऐकलं होतं तसंच, त्याच सपाट आवाजात म्हणाली, "तो म्हणाला, तो शब्द माझा नाही. त्यांच्या भावाच्या दुकानात ऐकला, काउंटरवर, आणि गमतीचा वाटला म्हणून इथं आणला."

नणंदेचा हात कोटाच्या बाहीवर थांबला.

"सून दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, म्हणाला. मग तुमच्या हात वर करण्याचं बोलला. मग माझं चुकलं म्हणाला."

"दादाच्या दुकानात."

"हो."

"तू होतीस?"

"डबा आणायला गेले होते."

"काय म्हणाला दादा? जसंच्या तसं सांग."

वहिनीनं सांगितलं. नेला तर नेऊ दे. तिला कशाला हवा शिक्का. तीच माझा शिक्का आहे. मी दाबीन तिथं उमटेल. लोक हसले, तेही सांगितलं. स्वतः डबा घेऊन घरी आली, तेही.

"आणि त्या दिवशी संध्याकाळी," नणंद म्हणाली, "तू मला सांगितलंस, त्याला वाईट वाटलंय."

"हो."

खोलीत इस्त्रीचा वास येत होता. नणंदेनं तिचा प्लग काढला. पाकीट उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. शिक्का टेबलावरच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "तोफेचं खरं आहे."

वहिनीनं मान हलवली. वन्सं राहिल्या, एवढं तिला कळलं. बरं वाटायला हवं होतं. जिन्यात तिनं दिव्याचं बटण दाबलं तर तो आधीच लागलेला होता, विझला. ती अंधारातच खाली उतरली.

परवाच्या सभेत नणंद उभी राहिली. वहिनीनं माईक चालू केला. दवाखान्याच्या संध्याकाळच्या वेळेवर ती बोलली, आवाज न चढवता. हलक्या हातानं सुई टोचावी तसं. मागून कोणीतरी "शिक्का" म्हणालं. अध्यक्ष मोबाईलमध्ये होते. तोफ उठला, वहिनीनं त्याचाही माईक चालू केला. त्यानं मागं वळून बघितलं, चष्मा कपाळावर चढवला, श्वास ओढला. वहिनीचं बोट बटणावर गेलं आणि तिनं ते उचलून मांडीवर ठेवलं.

"कोण रे तो?" तोफ म्हणाला. "शब्द मागं घेतलाय मी. ज्यानं उचलला असेल त्यानं ठेवून द्यावा." ते सगळ्यांना ऐकू गेलं. थोडे हसले, थोडे गप्प बसले. दवाखान्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. वर्तमानपत्रात काही आलं नाही.

सभा सुटल्यावर नणंद पेटीच्या दाराशी आली. आत आली नाही.

"तुम्ही आज माईक चालू ठेवलात," ती म्हणाली. "आभारी आहे."

लग्न होऊन वहिनी त्या घरात आली तेव्हापासून ती तिला तू म्हणत होती; पहिल्या दिवशी, केस विंचरून देता देता म्हणाली होती, "मी तुला तूच म्हणणार हं." वहिनी म्हणाली, "घरी निघताय? थांबा, बरोबर जाऊ."

"नको, तुम्ही आवरा. मला दवाखान्यात जायचंय."

त्यानंतर ती चहाला आली नाही. जिन्यात भेटली की बाजूला होऊन वाट देते. "तुम्ही या आधी," म्हणते. कोणी ऐकलं तर म्हणेल, किती नीट बोलतात या नणंदा-भावजया.

एका संध्याकाळी नवरा बाहेरून म्हणाला, "ती येत नाही हल्ली."

"नाही."

"काही म्हणाली का?"

वहिनी मटार सोलत होती. कामात असतात, हे वाक्य तयार होतं, तोंडातच होतं. "तो शब्द तुमच्या दुकानातून आला हे त्यांना कळलंय," ती म्हणाली. "मी सांगितलं."

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "आणि? ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"म्हणजे, साधारण काय?"

"काही नाही म्हणाल्या. तेवढंच."

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि मान वर करून ऐकत बसला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर चार माणसं एकाच वेळी बोलत होती, तोंडं लाल, बोटं एकमेकांवर रोखलेली. त्यातल्या एकानं चष्मा कपाळावर चढवला. दाराच्या चौकटीवर टेकलेलं वहिनीचं बोट आपोआप दाबलं गेलं.

मग ती आत गेली आणि राहिलेले मटार सोलायला बसली.